आता वकीलसायेब मोकळे!

...मोकळे म्हनं! मोकळे! अवो, मानूस हाय का पडीक रान, की दिसलं मोकळं अन् घातला नांगर? तुमीच सांगा बायांनो! नगरची यष्टी काय, यायची तवा यील, श्रीगोंद्याच्या स्टँडवर वेळेवर आलेली गाडी मी तरी बघितली न्हाई, तवर ऐका माजं, न्हाई तर ह्या उन्हात डोकं फुटंल माजं, अन् उन्हानं न्हाई, ह्या एका शब्दानं फुटंल... मोकळे!

मी चांगुना. खेतमाळीस वकिलांची मंडळी. हितल्या कोर्टातले सरकारी वकील, ते आमचे हे. म्हंजी हुते. गेल्या महिन्याच्या अखेरीला रिटायर झाले. सरकारी वकील म्हंजी काय, पोलिसांनी मानूस धरून आनला की त्याच्याविरुद्ध उभं राहून सरकारच्या वतीनं बोलायचं. लई बोलले. उभा जल्म बोलले. कोर्टात हां! घरात म्हनाल तर कालवनात मीठ न्हाई एवढं सुद्धा तोंडानं सांगायचे न्हाईत, निसती वाटी बोटानं पुढं सारायचे अन् मी काय ते वळखायचं.

बरं, कोर्ट सुटल्यावर मानसानं घरी यावं, हातपाय धुवावं, गप बसावं की न्हाई? न्हाई! सकाळी ज्याला आत घातला, संध्याकाळी सायकल काढून त्याच्याच घरी! मी म्हनायचे, अवो, ते लोक टकुरं फोडतील तुमचं. तर हे म्हनायचे, "अगं, गुन्हा त्याने केला. त्याच्या पोरांनी कुठे केलाय? ती काय खातायत एवढं बघून येतो." बघून येतो म्हनायचे अन् घेऊनच यायचे! बाप तिकडं आत, पोरं हिकडं आमच्या घरात आत! पारनेरला हुतो तवा दोन पोरं, नेवाशाला गेलो तवा पाच, अन् श्रीगोंद्याला आलो तवर मी भाकरी मोजायचंच सोडून दिलं. नाक वाहतंय, डोस्क्यात उवा, अन् वर मलाच विचारायची, "तूच का त्या वकिलाची बायको?" काय सांगायचं त्यांना? व्हय बाबा, मीच ती. खा.

त्याचंच पुढं बोर्डिंग झालं. मंग वाचनालय झालं. मंग दुष्काळ पडला, मागल्या सालापास्नं पावसाचा थेंब न्हाई, बाया-बाप्ये खडी फोडायला रस्त्याच्या कामावर, अन् त्यांच्या लेकरांना सरकारची सुकडी, ती भाजल्या पिठाची गोड भुकटी. ती बी हेच आनायचे नगरच्या डेपोतनं, भांडून भांडून. मी म्हनायचे, चालू दे. चालू दे बाई. रिटायर झाले की हा मानूस माजा. ह्यांना समोर बसवीन, गरम भाकरी वाढीन, अन् दोन घास खाऊन उठून जायला लागले की हात धरून म्हनीन, बसा! एवढंच. मी काय काशीला न्या म्हनत हुते का?

अन् संक्रांतीच्या सुमाराला काय झालं... हिरीवरच्या इंजिनाच्या चोरीचा खटला चाललेला. हे तावातावानं बोलत हुते अन् मधीच थांबले. छातीला हात लावला, अन् म्हनले, "तारीख मिळावी." सगळं कोर्ट गार! अवो, जल्मात कधी ह्यांनी तारीख मागितली न्हाई, दुसऱ्यानं मागितली तर मिळू दिली न्हाई, अन् स्वतःच्या तोंडानं तारीख मागितली! चोर सुद्धा घाबरला म्हनं. तोच पानी आनायला धावला.

नगरला डागदराकडं नेलं. डागदर चांगला हुता, तरना हुता, पन मला म्हातारीला समोर बसवून सांगितलं, "बाई, यांचं काळीज दमलंय. रिटायर झाले की नुसतं बसवून ठेवा. सायकल बंद. उन्हात फिरणं बंद. सभा, भांडणं, तावातावानं बोलणं बंद. ऐकलं नाही तर मग माझ्याकडे येऊ नका." मी म्हनलं, बरं झालं देवा, कुनी तरी मोठ्या मानसानं सांगितलं! बाहेर पडलो तर हे भर रस्त्यात थांबले अन् मला म्हनाले, "हे कुणाला कळता कामा नये. आधीच दुष्काळ. लोक धीर सोडतील." अवो, लोक धीर सोडतील! अन् मी? मी कोन? दुपारचा ह्यांचा जरा डोळा लागला की मी नाकापुढं बोट धरून बघायचे, वारा लागतोय का. अन् हे डोळं उघडून म्हनायचे, "काय करतेयस?" मी म्हनायचे, माशी.

एप्रिल संपंपतूर अशा किती माशा मारल्या, देवाला ठाऊक.

मंग आला त्यो सत्कार! आमच्या हितं बन्सीशेठ हायेत, कापडदुकानवाले, गावात कुनाचं बारसं असो का कुनाचं तेरावं, अध्यक्ष हेच. त्यांनी ठरवलं, वकीलसायेबांचा जाहीर सत्कार! शाळेच्या मैदानात मांडव, कर्ना, सतरंज्या. दुष्काळात फुलं कुठली? सुताचे हार आनले. अन् मला बी स्टेजवर बसवलं. सौभाग्यवती म्हनून. ह्यांच्या शेजारी खुर्ची, मांडीवर नारळ अन् खण, अन् पुढं बोलायच्या कर्न्याचा, त्या माईकचा दांडा असा बरोबर तोंडाम्होरं, की लोकांना माजं अर्धंच तोंड दिसावं. बसले. म्हनलं, अर्ध्या तोंडानं तर अर्ध्या तोंडानं, आज संपतंय सगळं. उद्यापास्नं घरी.

बन्सीशेठ उठले. "बंधू-भगिनींनो! वकीलसाहेब म्हणजे आपल्या तालुक्याचा दीपस्तंभ!" अवो, श्रीगोंद्यात समुद्र कुठंय? इथं घागर भरायला दोन कोस जावं लागतंय अन् ह्यांना दीपस्तंभ! बरं, म्हनू दे. पुढं म्हनतात कसे, "आजवर साहेबांना कोर्टामुळे वेळ नव्हता. म्हणून वाचनालयाची इमारत रखडली. पण आता चिंता नाही! विटेपासून कौलापर्यंत साहेबांनी जातीनं उभं राहून बांधून घ्यावी. आता वकीलसाहेब मोकळे!" टाळ्या! अन् मी ह्यांच्याकडं बघितलं तर हे हसतायत! बारक्या पोराला जत्रंत नेल्यावानी! मी कोपरानं ढोसलं. न्हाई म्हना! तर हे कानाशी येऊन म्हनतात, "अगं, तसं एका पावसाळ्याचं तर काम आहे." पावसाळा? कुठला पावसाळा? आभाळात ढगाचं चिरगुट न्हाई!

मंग उठले कानिफनाथ गुरुजी. बोर्डिंग हेच सांभाळत्यात. मानूस लाखाचा, पन बोलायला उभा राहिला की बसायचं इसारतो. "साहेब आयुष्यात एकही खटला हरले नाहीत!" अन् हे टुनदिशी उभे! "हरकत आहे! माहिती चुकीची. मी पुष्कळ खटले हरलोय. समोर मॅजिस्ट्रेटसाहेब बसलेत, त्यांना विचारा." सगळा मांडव हसला. म्याजिस्ट्रेट पहिल्या रांगेत बसले हुते, त्यांनी बी मान डोलावली. गुरुजी घाम पुसून म्हनले, "असो. पण साहेबांनी स्वतः उपाशी राहून परक्यांच्या मुलांना जेवू घातलं!" पुन्ना उभे! "हरकत! मी एक दिवससुद्धा उपाशी राहिलो नाही. उपाशी राहिली ती आमची मंडळी. मला तेव्हा कळत होतं. मी बोललो नाही." अन् बसले.

अवो... मी तर नारळाकडंच बघत बसले. मला वाटायचं, ह्यांनी कधी बघितलंच न्हाई. एवढ्या वर्सांत एकदा तोंडातनं निघालं, अन् ते बी हरकत म्हनून! घरात सांगायला काय झालं हुतं? डोळं भरून आले, म्हनलं, आता मानूस मऊ झालाय, आता ऐकंल... तवर गुरुजींनी पुन्ना कर्ना धरला. "म्हणून म्हणतो, साहेबांनी आता बोर्डिंगमध्येच मुक्काम टाकावा! अनुदानासाठी मुंबईचे हेलपाटे घालावेत! आता वकीलसाहेब मोकळे!" आलं पानी डोळ्यातलं माघारी!

मंग सोपान. ह्यो पैलवान गडी, हिरीच्या पान्याच्या पाळीवरनं भावकीतल्या एकाचं डोस्कं फोडलं हुतं त्यानं, अन् ह्यांनीच त्याला सहा महिने पाठवला हुता. त्याची दोन पोरं तवा माज्याकडं. सोपानला भाषान येतंय थोडंच? कर्ना दोन्ही हातांनी बकरू धरल्यावानी धरला अन् म्हनला, "ह्या सायबांनी मला आत घातलं. म्या म्हनलं, सुटल्यावर बघतो सायबाकडं. सुटून ह्यांच्या दारात आलो तर माजीच पोरं मला वळखंनात. असली गुबगुबीत झाल्ती! धाकलं म्हनलं, आई, कुनी तरी आलंय. ह्या चांगुनाकाकूला आई म्हनलं! म्या काठी तिथंच टाकली." अन् रडायला लागला, एवढा मोठा गडी. बायका रडल्या, मी रडले. म्हनलं, आता ह्यो तरी चांगलं बोलला. पन न्हाई! नाक पुसलं अन् म्हनतो, "आता पान्यावरनं गावोगाव डोस्की फुटाया लागल्यात. सायबांनी रोज एक गाव धरावं अन् तंटं मिटवावं. उनाचं काय, सायबांना ऊन लागतच न्हाई! आता वकीलसायेब मोकळे!"

बायांनो, मी ह्यांच्याकडं बघितलं, तर कपाळावर घाम, अन् डावा हात सारखा खांद्याकडं जातोय. अन् तोंडावर हसू! मी म्हनलं, उठा. चला घरी. दात आवळून म्हनलं. तर हे, "अगं, लोकांत असं बरं दिसतं का?" लोकांत! लोकांतच जाईल ह्यो मानूस, अन् मंग हेच लोक दुखवट्याची सभा घेतील, अध्यक्ष बन्सीशेठ!

शेवटाला नगरचे मोठे पाव्हने उठले. त्यांचं नाव काय मला आठवत न्हाई, टोपी लई कडक हुती. "सुकडी वाटपाची तालुका समिती आम्ही स्थापन करीत आहोत. गाव तितकी केंद्रं! अध्यक्ष अर्थातच वकीलसाहेब. आणि त्यांना गावोगाव फिरता यावं म्हणून समस्त नागरिकांतर्फे ही छोटीशी भेट..." अन् मांडवाच्या मागनं, सुताचा हार घातलेली, नवी कोरी, चकचकीत... सायकल!

सायकल! डागदरानं काय सांगितलं हुतं? पहिलं काय बंद? सायकल! अन् हे? हे उठले, स्टेजवरनं उतरले, सायकलीच्या दांडीवरनं हात फिरवला, अन् घंटी वाजवली. ट्रिंग ट्रिंग! सगळा गाव टाळ्या पिटतोय अन् मला त्यो आवाज कसा ऐकू आला सांगू? तिरडीम्होरल्या झांजेवानी ऐकू आला! अन् हे तिथनंच वरडून म्हनले, "मी उद्या सकाळपासूनच..."

मी उठले. कशी उठले मला ठाऊक न्हाई. मांडीवरचा नारळ गडगडत पाव्हन्याच्या पायावर गेला. मी त्यो कर्ना धरला, त्यो असा किंचाळला की शाळेच्या कौलावरची कबुतरं उडाली, अन् मी म्हनलं, "उद्यापास्नं काय न्हाई! ऐका सगळे! ह्या मानसाच्या छातीत कळ आल्ती. कोर्टात. डागदरानं सांगितलंय, सायकल न्हाई, ऊन न्हाई, सभा न्हाई, न्हाई तर ह्यो मानूस ऱ्हानार न्हाई. अन् तुमी त्याला मोकळा म्हनताय! मी कवाची वाट बघतेय ह्यो मोकळा व्हायची! मला इमारत नको, मुंबई नको, मला ह्यो मानूस जिता पायजे!"

अन् खालनं सायकल धरूनच हे वरडले, "हरकत! हरकत आहे!"

अन् पहिल्या रांगेतनं म्याजिस्ट्रेट उभे राहिले. शांत मानूस. ते म्हनले, "हरकत फेटाळली. वकीलसाहेब, खाली बसा. साक्ष पुरी होऊ द्या."

अन् हे बसले! कुठं? सायकल स्टँडला लावली अन् तिथंच सतरंजीवर, बाया-पोरांच्यात. मान खाली. सोपान गुडघ्यात तोंड घालून हुंदके देत हुता, गुरुजी चष्मा पुसत हुते, बन्सीशेठ म्हनले, "बाई, आम्हाला ठाऊक नव्हतं हो. साहेबांनी आता पूर्ण विश्रांती घ्यावी. आमचा आग्रह नाही." मी म्हनलं, जितलं! बायांनो, जिंदगीत एक खटला लढले, अन् जितला!

तवर मांडवाच्या कडंला झुंबरबाई उभी राहिली. बौद्धवस्तीतली, खडी फोडायला जाती, काखेला नातू. हळू बोलली, पन कर्न्याबिगर सगळ्यांना ऐकू आली. "आक्का, तुमचं खरं हाय. सायेब जगलं पायजेत. त्येन्ला आमचं बी आयुक्ष लागू दे. पन... उद्याच्याला लेकरांच्या सुकडीचं काय? त्ये गेल्याबिगर डेपोवाला पोती सोडत न्हाई."

बन्सीशेठनी घड्याळ बघितलं, लग्नसराई हाय म्हनले, दुकान सोडून कसं जानार. गुरुजींच्या पोरांच्या परीक्षा. कडक टोपीवाल्या पाव्हन्यांना जिल्ह्याची मीटिंग. सोपान म्हनला म्या जातो, तर झुंबरबाई म्हनली, "नगं बाबा, तू डेपोवाल्याचं डोस्कं फोडशील." अन् तिच्या काखंतलं त्ये लेकरू... कसं बघत हुतं हो माज्याकडं. काय रडत बी नव्हतं. निसतं बघत हुतं. मी आपली बोलून गेले, "उद्याच्या दिवस मी जाते." एक दिवस म्हनलं हुतं! उद्याच्या दिवस! सगळ्या मांडवानं ऐकलंय!

पन बन्सीशेठला कर्ना गावला. "टाळ्या! बंधू-भगिनींनो, टाळ्या! सुकडी समितीच्या अध्यक्षपदी सौभाग्यवती चांगुणाबाई! साहेब घरात बसणार म्हटल्यावर बाईंना घरात असं काम ते काय? आता बाई मोकळ्या!"

...बघा! आता बाई मोकळ्या!

घरी निघालो. सायकल सोपाननं हातानं ढकलत आनली. हे झपाझप पुढं चालत हुते. मला वाटलं चिडले. कुनाला सांगनार न्हाई असा मी शब्द दिल्ता अन् मोडला, भर सभेत मोडला. मंग म्हनले, "साक्ष चांगली झाली तुझी." मी म्हनलं, खोटं काय बोलले? "खोटं नव्हतं म्हणूनच म्हणतो. उलटतपासणीला टिकली असती." माज्याकडं वळून म्हनले, "मला भ्यालीस ना इतके दिवस?" मी म्हनलं, तुमाला न्हाई भ्याले. तुमी जाल म्हनून भ्याले. तर ह्यांनी काय करावं? भर रस्त्यात, सोपान सायकल घेऊन मागं येतोय, अन् ह्यांनी माजा हात धरला! लग्नात धरला हुता, त्यानंतर आता! सोपान लाजंनं सायकलीसकट माघारी वळला.

तवापास्नं बसल्यात हो घरात. खरं बोलते, ऐकल्यात. लिंबाखाली बाज टाकलीय, चकरा न्हाईत, कुनावर वरडनं न्हाई, सोपानची पोरं येऊन पेपर वाचून दाखवत्यात. सायकल तेवढी रोज पुसत्यात, मी म्हनलं पुसा, बसू नका. परवा डागदराला दाखवलं, त्यो म्हनला, नाडी सुधारलीय, असंच घरात आरामात बसू द्या, आनि बाई, तुमी जवळ बसत जा, दोन गोष्टी बोलत जा, त्यानं मन रमतं. जवळ बसत जा! कवा बसू? सकाळी मी डेपोवर. डेपोवाला म्हनतो, "बाई, शिक्का कुठाय?" मी म्हनते, शिक्का न्हाई, मी हाय, घाल पोती! तिथनं ट्रक धरून घोगरगावच्या रस्त्याच्या कामावर, तिथनं झुंबरबाईला घेऊन पुढल्या कामावर, लेकरं रांगा लावून बसल्यात, वाढा, भांडा, कुनाला दोनदा गेलं कुनाला गेलंच न्हाई... तिन्हीसांजंला घरी यावं तर ह्यांनी पिठलं करून ठेवलेलं. ह्यांनी! ज्यांना चूल कुठल्या कोपऱ्यात हाय ते ठाऊक नव्हतं! समोर बसवत्यात, वाढत्यात, म्हनत्यात, "खा आणि सांग, आज काय झालं." अन् मला, बायांनो, दुसऱ्या घासाला झोप येती! ताटावर! मानूस माजा समोर बसलाय, बोलायला लागलाय, गरम गरम वाढतोय, अन् मी घोरतेय!

म्हनून आज निघालेय नगरला. सरळ कचेरीत जानार अन् सांगनार, राजीनामा घ्या, दुसरं कुनी बघा, मी काय मोकळी न्हाई. चार शब्द पाठ केल्यात. आता काय बी झालं तरी...

काय म्हनलात? कुठल्या वस्तीवरच्या तुमी? ...मिरजगावच्या अंगाला? अगं बया, माज्या माहेरच्या रस्त्याला! मंग तुमच्या कामावर लेकरांना सुकडी... येतच न्हाई? एकदा बी न्हाई? अन् ह्या सगळ्याजनी तिथल्याच का? ...

अवो, मी एवढा येळ काय सांगत हुते तुमाला?

...बरं. रडू नका. लेकरू हिकडं द्या माज्याकडं, अन् सांगा, किती लेकरं हायेत तुमच्यात?